अमेरिकेतल्या जुन्या पूर्वजांचा शोध: या चुका टाळा

माझी सून अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागातली. तिच्या माहेरची वंशावळ लावताना मी एका जोडप्यापाशी अडले. लग्न मे १७३१ मध्ये आणि थोरल्या मुलाचा जन्म फेब्रुवारी १७३१ मध्ये! म्हणजे मूल आधी, लग्न नंतर?

तसं नव्हतं. इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींत १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे १७३१ चा फेब्रुवारी मे महिन्यानंतर यायचा. आपल्या हिशेबाने तो १७३२ चा. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्मही जुन्या पद्धतीने ११ फेब्रुवारी १७३१ आणि नव्या पद्धतीने २२ फेब्रुवारी १७३२ (१७५२ मध्ये कॅलेंडर बदलताना तारखाही ११ दिवसांनी पुढे सरकल्या). कागदावर ‘१७३१/३२’ दिसलं की तसंच उतरवून घ्या, स्वतः सुधारू नका. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या नोंदींत आणखी काळजी घ्या: त्यांचा त्या काळचा ‘पहिला महिना’ म्हणजे मार्च.

दुसरी मोठी फसगत नात्यांच्या शब्दांची. ‘ज्युनियर’ म्हणजे मुलगा, असं धरून चालू नका. एकाच गावात एका नावाचे दोघे असले की धाकट्याला ज्युनियर म्हणत, मग ते काका-पुतणे असोत की परके. थोरला वारला की धाकटाच ‘सीनियर’ होई. मृत्युपत्रातला ‘कझिन’ पुष्कळदा पुतण्या किंवा भाचा निघतो, आणि ‘मदर-इन-लॉ’ सावत्र आई. आपल्याकडे मामा, काका, आत्या यांना वेगळे शब्द आहेत, म्हणून आपण इथे जास्तच चकतो, असं मला वाटतं.

जनगणनेकडून फार अपेक्षा ठेवू नका. १७९० ते १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीच्यांची नुसती मोजणी. घरातल्या सगळ्या स्वतंत्र माणसांची नावं १८५० पासून मिळतात. गुलामगिरीत जगलेल्यांची नावं मात्र १८५० आणि १८६० च्या याद्यांतही सहसा नाहीत, तिथे मालकाचं नाव आहे. त्या घराण्यांचा शोध घेताना १८७० ची जनगणना आधी पाहा.

कागद सापडत नसेल तर राज्यांच्या त्या काळच्या सीमा तपासा. मेन १८२० पर्यंत मॅसॅच्युसेट्सचा भाग होता, केंटकी १७९२ पर्यंत व्हर्जिनियाचा.

आणि आयती वंशावळ उचलू नका, छापील असली तरी. गुस्ताव्ह आंजू नावाच्या माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पैसे घेऊन अनेक घराण्यांच्या खोट्या वंशावळी रचल्या. त्यांच्या नकला आजही फिरतात. मी आता प्रत्येक पिढीसमोर मृत्युपत्र, जमिनीचं खत किंवा चर्चची नोंद लिहिते. यांपैकी काहीच नसेल तर ते नाव पेन्सिलीनेच राहतं.