प्युरिटन प्रवचनातला सूर कसा ओळखावा

प्युरिटन (इंग्लंडमधला कडक प्रोटेस्टंट पंथ; त्यातले अनेकजण सतराव्या शतकात अमेरिकेत जाऊन वसले) धर्मोपदेशक म्हटलं की मुठी आपटत नरकाची भीती घालणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. जोनाथन एडवर्ड्‌स हा अठराव्या शतकातला अमेरिकेतला धर्मोपदेशक तसा नव्हता. तो संथपणे, आवाज फारसा न चढवता बोलायचा, असंच त्याचं वर्णन केलं जातं. तरीही ८ जुलै १७४१ रोजी ईशान्य अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधल्या एनफिल्ड गावी त्याने ‘कोपलेल्या देवाच्या हाती सापडलेले पापी’ हे प्रवचन दिलं, तेव्हा एवढा आक्रोश उठला की त्याला मधेच थांबावं लागलं. हजर असलेल्या स्टीफन विल्यम्स या धर्मोपदेशकाने तसं रोजनिशीत लिहून ठेवलंय. (काटेकोर बोलायचं तर एडवर्ड्‌स प्युरिटनांच्या पुढच्या पिढ्यांतला. पण घडण त्यांचीच.) लोक हादरले ते नेमके कशाने, हे शोधायचं असेल तर प्रवचनाची प्रत आणि पेन्सिल घेऊन बसा.

१. आधी सांगाडा वेगळा काढा. या प्रवचनांचा साचा ठरलेला असे: बायबलमधलं वचन, त्यातून निघणारा सिद्धान्त आणि मग तो समोरच्या श्रोत्यांना लागू करणं. कीर्तनातला पूर्वरंग-उत्तररंग ज्यांच्या ओळखीचा आहे त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. एनफिल्डला वचन होतं बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातलं (३२:३५), योग्य वेळी पाय घसरण्याचं. सिद्धान्त असा की पापी माणूस नरकात पडायचा थांबलाय तो निव्वळ देवाच्या मर्जीमुळे. त्यासाठी एडवर्ड्‌स दहा मुद्दे मांडतो, एकामागून एक, वकिली थाटात. हा भाग रुक्ष वाटला तरी गाळू नका. श्रोता इथे शांतपणे पटवून घेत असतो, आणि एकदा दहाही मुद्दे कबूल केले की पुढे सुटका नसते.

२. सर्वनामांखाली रेघा ओढा. माझ्या मते खरी मेख इथेच आहे. पहिल्या भागात बहुतेक ठिकाणी ‘दुष्ट लोक’ आणि ‘ते’ येतात. कुणीतरी दुसरेच. ऐकणारा मनात शेजाऱ्याचं नाव घेऊन मोकळा होतो. लागू करण्याचा भाग सुरू झाला की ‘ते’ जाऊन ‘तुम्ही’ येतं, आणि ते क्रमाने जवळ सरकत राहतं. याच प्रार्थनागृहात, या बाकांवर आत्ता धडधाकट आणि निर्धास्त बसलेल्यांपैकी कुणी उद्या सकाळच्या आत नरकात पोचलं तर नवल नाही, असं तो सांगतो. पुढे शेजारच्या सफिल्ड गावाचं नाव घेऊन विचारतो, तिथले लोक रोज ख्रिस्ताकडे धाव घेताहेत, तुमचे आत्मे काय त्यांच्यापेक्षा कमी मोलाचे? नरकाच्या गोष्टीत शेजारच्या गावाशी तुलना! शेवटी म्हातारे, तरुण, लहान मुलं यांना वेगवेगळी हाक मारतो. कुणालाही गर्दीत लपायला जागा उरत नाही.

३. प्रतिमांमधली क्रियापदं तपासा. विस्तवावर धरलेल्या कोळ्याची प्रतिमा सगळ्यांना आठवते, आणि बरेच वाचक तिथेच अडकतात. तिच्याबरोबरच्या प्रतिमाही पाहा. धनुष्य ताणलंय, बाण काळजावर रोखलाय, पण सुटलेला नाही. पाणी अडवलंय, ते चढतंय, बांध मात्र अजून फुटलेला नाही. माणूस बारीक धाग्याला लोंबकळतोय, भोवती ज्वाळा आहेत, धागा अजून शाबूत आहे. कुठलीच क्रिया पुरी होत नाही. नुसतं भयंकर चित्र पाहून माणूस तोंड फिरवू शकतो, पण अर्ध्यावर रोखलेल्या चित्रापुढे श्वास धरून थांबतो.

४. दार कधी उघडतं तिथे खूण करा. शेवटाकडे सूर बदलतो: ख्रिस्ताने दयेचं दार सताड उघडलंय, संधी आजच आहे. हा भाग भीतीच्या मानाने अगदी थोडका. दया लवकर आणि ऐसपैस आली असती तर ‘आज’ या शब्दाला जोर आला नसता. शेवटचं वाक्यही पळून जीव वाचवण्याचंच आहे.

५. शेजारी वेगळ्या सुराचं प्रवचन ठेवा. १६३० साली मॅसॅच्युसेट्‌सला निघालेल्या वसाहतकऱ्यांसाठी जॉन विन्थ्रॉपने केलेलं निवेदन घ्या. तो धर्मोपदेशक नव्हे, गव्हर्नर. त्याच्या शेवटच्या भागात जवळपास सगळं ‘आपण’मध्ये येतं: आपण डोंगरावरचं नगर होणार, जगाचे डोळे आपल्यावर असणार. ऐकायला गोड, पण धमकी त्यातही आहे. देवाशी केलेला करार मोडला तर जगभर आपली छीथू होईल, असं तो बजावतो. फरक एवढाच की इथे बोलणाराही त्याच गलबतात आहे.

सरावासाठी सॅम्युअल डॅनफर्थ या धर्मोपदेशकाचं १६७० सालचं, अमेरिकेच्या रानात येण्यामागच्या हेतूवरचं प्रवचन चांगलं. त्यात प्रश्न भरपूर आहेत. प्रत्येक प्रश्नासमोर एवढंच लिहा: याचं उत्तर श्रोत्याला आधीच माहीत होतं का?