जुना ट्रान्झिस्टर पुन्हा बोलता करायचा तर

माळ्यावरचा दोन सेलचा रेडिओ बंद पडलाय म्हणून भंगारात घालू नका. एकच काम करणाऱ्या यंत्रात बिघडायच्या जागाही मोजक्याच. त्याला ना अपडेट लागतं, ना पासवर्ड.

आधी सेलचा कप्पा बघा. स्प्रिंगवर पांढरट-हिरवट खार धरलाय, म्हणजे सेल गळलेत. साध्या झिंक-कार्बन सेलची गळती आम्लधर्मी असते. चमचाभर पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून कानकाडीने पुसा. अल्कलाइन सेलला उलट, लिंबाचा रस किंवा व्हिनेगर. मग साध्या पाण्याची काडी फिरवा, पूर्ण वाळू द्या आणि बारीक पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा. स्प्रिंग खाऊनच गेली असेल तर पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठा. कंडेन्सर (वीज साठवणारा छोटा सुटा भाग), कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे सांधे साफ करायचा फवारा) हेही तिथेच घ्या.

आवाज वाढवताना खरखर होते? सेट बंद ठेवून व्हॉल्यूमच्या फटीत क्लीनरचा एक फवारा मारा आणि बटण वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. शिवणयंत्राचं तेल मात्र नको, त्यावर धूळ बसते.

फट-फट-फट असा मोटारबोटीसारखा आवाज येत असेल तर आधी नवे सेल घाला. तरीही येतोय, तर बॅटरीच्या वाटेवरचा कंडेन्सर वाळलाय. तो बहुधा १०० किंवा २२० मायक्रोफॅरडचा असतो. नवा तेवढ्याच मायक्रोफॅरडचा घ्या. व्होल्ट तेवढेच किंवा जास्त चालतील. अंगावर पट्टा असलेला पाय निगेटिव्ह. उलटा लावलात तर फुगेल.

बोर्ड उचलताना फेराइटच्या काळ्या कांडीवरच्या, म्हणजे आतल्या अँटेनाच्या, तारा जपा. केसासारख्या अनेक तारांचा तो पीळ असतो, आणि प्रत्येक तारेवर इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा लेप. तुटला तर सगळ्या तारांना नीट कथील धरलं पाहिजे. निम्म्याच जोडल्या गेल्या तर रेडिओ चालतो, पण लांबची स्टेशनं हरवतात. पिवळ्या, पांढऱ्या, काळ्या डोक्याच्या चौकोनी डब्यांत पेचकस घालायचा मोह आवरा. ते ४५५ किलोहर्ट्झ या ठरलेल्या वारंवारतेला जुळवलेले असतात. आपोआप क्वचितच सरकतात, हाताने मात्र हमखास.

आता पुणे आकाशवाणी लावा. मिडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झ, म्हणजे ५५ ते १६० आकडे असलेल्या डायलवर (तिथे शेवटचं शून्य गाळलेलं असतं) ८० च्या किंचित अलीकडे. आवाज बारीक आला तर काटा न हलवता अख्खा सेटच काटकोनात वळवा. कांडीचं टोक केंद्राकडे असेल तेव्हा आवाज सर्वांत कमी येतो, कांडी केंद्राच्या दिशेला आडवी झाली की खणखणीत. स्लॅबच्या घरात खिडकीपाशी ठेवा. तरी सतत घरघर असेल तर मोबाइलचे चार्जर आणि एलईडी दिवे एकेक करून बंद करून बघा. कुठल्या तरी एकाला घरघर थांबली, तर सेट पुन्हा उघडू नका, तो चार्जर किंवा दिवा बदला.