टीएलए प्लसमध्ये फेअरनेस लिहिताना या चुका टाळा

टीएलए प्लस ही सिस्टीमचं गणिती वर्णन (स्पेक) लिहिण्याची भाषा, आणि टीएलसी हे ते वर्णन तपासणारं साधन. ‘वाट पाहणाऱ्या प्रत्येक प्रोसेसला कधीतरी लॉक (एका वेळी एकाच प्रोसेसला मिळणारं कुलूप) मिळेल’ अशी लाइव्हनेसची, म्हणजे ‘हवं ते कधीतरी घडेलच’ प्रकारची, अट टीएलसीला तपासायला दिली, की पहिल्या फेरीत बहुधा ‘स्टटरिंग’चं काउंटरएक्झाम्पल (अट मोडणारं उदाहरण) येतं. म्हणजे सिस्टीम जागच्या जागी थांबली आणि कुठल्याच नियमाने तिला हलायला भाग पाडलं नाही. यात टीएलसीची चूक नाही. नेक्स्टमध्ये, म्हणजे पुढच्या पावलांच्या व्याख्येत, फक्त काय घडू शकतं ते असतं. काय घडलंच पाहिजे, ते फेअरनेस सांगतो.

मग घाईघाईने अख्ख्या नेक्स्टला डब्ल्यूएफ, म्हणजे वीक फेअरनेस, लावला जातो. स्टटरिंग जातं, पण उपासमार (एखाद्या प्रोसेसची पाळी कधीच न येणं) तशीच राहते. ‘कोणीतरी पाऊल टाकेल’ एवढंच ते वचन, आणि एकटी ‘अ’ प्रोसेस फिरत राहिली तरी ते पाळलं जातं. ‘कुठल्यातरी प्रोसेसचं पाऊल’ या एकत्र ॲक्शनला (पावलाच्या प्रकाराला) डब्ल्यूएफ लावूनही फरक पडत नाही. ‘प्रत्येक’ हा क्वांटिफायर डब्ल्यूएफच्या बाहेर हवा.

तरीही दुसऱ्या ‘ब’ प्रोसेसला लॉक मिळत नाही, कारण डब्ल्यूएफ सलग शक्य असलेल्या ॲक्शनलाच बांधतो. ‘अ’ लॉक घेते, सोडते, पुन्हा घेते. तसं ‘ब’चं लॉक घेणं शक्य-अशक्य होत राहतं आणि वीक फेअरनेसचा भंगही होत नाही. इथे एसएफ, म्हणजे स्ट्राँग फेअरनेस लागतो: पुन्हा पुन्हा शक्य होणारी ॲक्शन घडलीच पाहिजे. प्रत्येक प्रोसेसच्या लॉक घेण्याला एसएफ आणि सोडण्याला डब्ल्यूएफ एवढं पुरतं. लॉक मागण्याला काहीच लावू नका. प्रोसेसला काम नसेल तर ती कायम बाहेर राहू शकते. प्लसकॅलमध्ये (टीएलए प्लसमध्ये रूपांतर होणाऱ्या, प्रोग्रामसारख्या भाषेत) प्रोसेस ‘फेअर’ असेल तर बाहेरच्या भागाच्या लेबलला (पावलाच्या नावाला) कोलननंतर वजाचं चिन्ह द्या, लॉक घेण्याच्या लेबलला अधिकचं.

पण एसएफ फुकट नसतो. तो लिहिला म्हणजे खरं लॉक कोणालाही कायमचं ताटकळत ठेवत नाही असं तुम्ही गृहीत धरलंत. पॉझिक्स या युनिक्स-प्रकारच्या सिस्टीमच्या प्रमाणकातल्या म्युटेक्समध्ये (लॉकमध्ये) पुढचा नंबर कोणाचा हे शेड्यूलिंग पॉलिसीवर अवलंबून असतं. गो भाषेच्या म्युटेक्समध्ये तर 1.9 आवृत्तीत (2017) मुद्दाम ‘स्टार्व्हेशन मोड’ घालावा लागला: कोणी 1 मिलिसेकंदाहून जास्त ताटकळलं की लॉक थेट रांगेतल्या पहिल्याच्या हातात जातं. खऱ्या लॉकमध्ये अशी सोय नसेल, तर मॉडेलमधला एसएफ खोटा दिलासा देतो.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे प्लसकॅलमधला ‘आयदर-ऑर’ (हे किंवा ते). निरोप पोचतो किंवा हरवतो, असे दोन पर्याय एकाच लेबलखाली असतील तर ‘फेअर प्लस’ (प्रोसेसच्या पावलांना एसएफ) लावूनही प्रत्येक वेळी हरवण्याचाच पर्याय निवडला जाऊ शकतो, कारण पाऊल तर पडलं! पोचवणं ही वेगळी ॲक्शन करून तिलाच एसएफ द्या. हरवण्याला फेअरनेस नको, नाहीतर निरोप हरवलाच पाहिजे अशी सक्ती होईल.

काही चुका मॉडेलमध्ये नसतातच. टीएलसीच्या कॉन्फिग फाइलमध्ये इनिट (सुरुवातीची स्थिती) आणि नेक्स्ट वेगवेगळे दिले तर फेअरनेस टीएलसीपर्यंत पोचतच नाही; फेअरनेससकट लिहिलेला स्पेक ‘स्पेसिफिकेशन’ म्हणून द्या. लाइव्हनेस तपासताना सिमेट्री (सारख्या प्रोसेसची अदलाबदल एकच मानणं) बंद ठेवा. स्टेट कन्स्ट्रेंटही (किती स्थिती तपासायच्या यावरची मर्यादा) शक्यतो काढा, कारण मर्यादेबाहेर जाणारे अनंत मार्ग तो छाटतो आणि चुकीची अटही पास होऊ शकते. मर्यादा हवीच असेल तर ती मॉडेलच्या ॲक्शनमध्येच बांधा.

सगळं पहिल्या झटक्यात हिरवं आलं तर संशय घ्या. ‘कधीतरी दोन्ही प्रोसेस एकाच वेळी लॉकच्या आत असतील’ ही उघड खोटी अट तपासा. टीएलसीने ती नापास केलीच पाहिजे. पास झाली, तर बहुधा फेअरनेसच्या अटी एकमेकींच्या किंवा नेक्स्टच्या विरोधात आहेत आणि त्या पाळणारा एकही मार्ग उरलेला नाही. ॲक्शनला डब्ल्यूएफ-एसएफ लावण्याऐवजी ‘कधीतरी अमुक होईल’ असं वाक्य सरळ स्पेकमध्ये जोडलं, की हे होऊ शकतं.