कोपऱ्यातला निळा कप्पा

गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या गोळ्या पॅक करणाऱ्या मशीनवर मी ट्रेनी म्हणून लागलो आणि सहा महिन्यांत कंटाळलो. डिचोलीहून पहाटेची बस, आठ तास मशीनसमोर, पुन्हा बस. काम येत होतं, पण मन लागत नव्हतं. नव्याने लागलेली मुलं-मुली आज मला हेच सांगतात, म्हणून लिहितोय.

आमच्याकडे ब्लिस्टरची, म्हणजे गोळ्यांच्या पट्टीची, लीक टेस्ट होते. पट्ट्या निळ्या पाण्यात बुडवून व्हॅक्यूम लावतात, मग सोडतात. सील कच्चं असेल तर कप्प्यात निळं पाणी शिरतं. त्या पावसाळ्यात टेस्ट सारखी फेल व्हायची. ऑपरेटर मंजूर मर्यादेत सीलिंगचं तापमान थोडं वाढवायचा, लाइन चालायची, दोन दिवसांनी पुन्हा तेच. 'तें आमचें काम न्हय, मेंटेनन्सवाले पळयतले (बघतील),' असं सगळेच म्हणायचे. मीही म्हणायचो.

एकदा फेल झालेली पट्टी हातात घेऊन नीट पाहिली. निळा झाला होता तो फक्त कोपऱ्यातला कप्पा. पुढच्या वेळीही तोच. खासगी वहीत नोंदी ठेवायच्या नाहीत हा आमच्या क्षेत्रातला कडक नियम, म्हणून सुपरवायझरना विचारलं, 'सर, टेस्टच्या नोंदीत रिमार्कमध्ये कप्पा कुठला तेही लिहूया का?' ते हो म्हणाले. महिनाभरात टेस्ट नऊ वेळा फेल झाली, त्यात आठ वेळा तोच कोपरा. त्या महिन्यात बसमध्ये मला झोप लागली नाही. डोक्यात तो कोपराच असायचा.

नोंदी घेऊन फिटरकाकांकडे गेलो. त्यांनी सीलिंग प्लेट, म्हणजे पट्टी उष्णतेने सील करणारी प्लेट, तपासली, तर कडेचा एक हीटर रॉड बंद पडलेला. सेन्सर प्लेटच्या मधोमध, त्यामुळे डिस्प्लेवर तापमान बरोबरच दिसत होतं. रॉड बदलला. खरं तर तिथे मी सुटलो असतो. पण टोयोटात रुजलेली 'का?' असं पाच वेळा विचारायची पद्धत ट्रेनिंगमध्ये शिकवली होती, ती आठवली. रॉड बंद पडला हे कळलं का नाही? कारण तपासणीत फक्त डिस्प्लेवरचा आकडा बघायचे. मग रीतसर चेंज कंट्रोल, म्हणजे बदलाची लेखी मंजुरी, करून प्रत्येक रॉडचा करंट मोजणं चेकलिस्टमध्ये आलं. त्याला दोन महिने लागले. सगळ्यात चिवट आणि मला सगळ्यात जास्त शिकवून गेलेला भाग तोच.

आधी उत्साह येईल, मग काम उचलू, अशी वाट बघत बसू नका. माझ्या बाबतीत काम उचलल्यावर उत्साह आला. मात्र जबाबदारी घेणं म्हणजे स्वतःच मशीन उघडणं नव्हे. ज्याचं काम त्यानेच करायचं, पाठपुरावा तुम्ही सोडायचा नाही. आणि श्रेय सांगताना फिटरकाकांचं नाव आधी. पुढच्या वेळी ते तुमच्या हाकेला धावून येतात.

सुरुवातीला एकच छोटी, रोज डोळ्यांसमोर येणारी अडचण निवडा. सुपरवायझरना एवढंच म्हणा, 'हे मी बघू का? शुक्रवारपर्यंत काय सापडलं ते सांगतो.' शुक्रवारी काहीच सापडलं नसेल, तरी जाऊन तसं सांगा.