कडाक्याची थंडी यायच्या आधी घराची तयारी

लाईट गेली, पाइप गोठला, रस्ता बंद झाला की मग धावपळ करून काही हाती लागत नाही, म्हणून हे सगळं हवा चांगली असतानाच एखाद्या सुट्टीच्या दिवशी उरकून टाका.

सगळ्यात आधी एक खोली ठरवा. अख्खं घर गरम ठेवायचा हट्ट नको, लाईट नसताना ते जमतच नाही. छोटी, कमी खिडक्यांची खोली बघायची, सगळ्यांनी तिथेच झोपायचं, दाराखालच्या फटीत जुना टॉवेल गुंडाळून लावायचा, खिडकीवर जाड चादर टाकायची. एका जाडजूड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घातले तर ऊब जास्त टिकते, कारण मधे हवा अडकून राहते. घाम आला तर एक थर काढा, ओला कपडा अंग फार पटकन गार करतो.

पण त्या बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवायची नाही म्हणजे नाही. थोडा वेळच लावू, खिडकी किंचित उघडी ठेवू, असंही नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणजे श्वास चालू असतो पण शरीराला ऑक्सिजनच मिळत नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, माणसाला वाटतं दमलोय, तो पांघरूण ओढून झोपतो आणि झोपेतच जातो. स्वयंपाकाचा गॅस पण ऊब मिळावी म्हणून लावून ठेवू नका. जनरेटर घरापासून किमान 6 मीटर लांब, बाहेर, खिडक्यांपासून दूर. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म झोपायच्या खोलीजवळ लावाच, हा खर्च टाळू नका. आणि घरात दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं तर आधी सगळे बाहेर मोकळ्या हवेत, फोन वगैरे नंतर. इलेक्ट्रिक हीटर असेल तर थेट भिंतीच्या सॉकेटमध्येच लावा, एक्स्टेन्शनवर नको, पडदे-पांघरुणं त्याच्यापासून 1 मीटर तरी लांब.

आता पाणी. माणशी रोज 4 लिटर धरून निदान 3 दिवसांचं भरून ठेवा. पाणी गोठलं की साधारण 9 टक्के फुगतं, त्यानेच पाइप तडकतो, आणि आपल्याला कळतं ते बर्फ वितळून पाणी वाहायला लागल्यावर. आमच्याकडे पाइप फुटला तेव्हा मेन व्हॉल्व्ह कुठेय हेच अर्ध्या घराला माहीत नव्हतं, सापडला तर गंजून इतका घट्ट झालेला की हाताने फिरेना, तोवर खाली गाद्या भिजल्या. म्हणून आजच जाऊन तो व्हॉल्व्ह एकदा बंद-चालू करून बघा, घरातल्या प्रत्येकाला दाखवा. खूप थंडीच्या रात्री नळ बारीक धारेने चालू ठेवा. गोठलाच तर नळ उघडा ठेवून, नळाच्या बाजूने सुरुवात करत हेअर ड्रायरने हळूहळू गरम करा, आगीची ज्योत कधीच लावू नका.

बाकी नेहमीचं, न शिजवता खाता येईल असं खाणं, टॉर्च आणि जादा सेल (मेणबत्त्या शक्यतो नकोच), चार्ज केलेली पॉवर बँक, रोजच्या गोळ्या आठवडाभराच्या. इन्सुलिन असेल तर ते गोठू देऊ नका, एकदा गोठलेलं वापरता येत नाही.

म्हाताऱ्या माणसांकडे आणि तान्ह्या बाळांकडे मात्र रात्री उठून बघा. शरीराचं तापमान 35 अंशांच्या खाली गेलं की धोका सुरू होतो. थरथर थांबली म्हणजे बरं वाटतंय असं समजू नका, बोलणं अडखळतंय, गोंधळल्यासारखं वागतायत आणि थरथरही थांबलीये, तर ताबडतोब मदत बोलवा. तोवर ओले कपडे काढा, कोरडं पांघरूण घाला, छाती आणि मान आधी उबदार करा, हातपाय चोळू नका, दारू अजिबात देऊ नका, आणि गरम काही पाजायचं तर पूर्ण शुद्धीत असतील, नीट गिळता येत असेल तरच.