सोलापूर–मुंबई विमानप्रवासाचा खरा वेळ

सोलापूर ते मुंबई हे अंतर रेल्वेने सुमारे ४५५ किलोमीटर भरते, पण हवाई अंतर जेमतेम ३६० किलोमीटर असल्याने विमान तासाभरात पोहोचते. मात्र तिकिटावरील वेळेवरून पुढची भेट ठरवू नये. होटगी रस्त्यावरील विमानतळावर दीड-दोन तास आधी पोहोचणे, मुंबईत सामान मिळेपर्यंत थांबणे आणि तिथून इच्छित स्थळी जाणे हे सारे धरले, तर तासाभराचे उड्डाण चार-पाच तासांचे होते. साडेसहा तासांच्या आसपास थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला नेणारी वंदे भारत त्यामुळे फार मागे राहत नाही. विशेषतः रुग्णाला परळच्या रुग्णालयात न्यायचे असेल, तर दादरला उतरणेच मला अधिक सोयीचे वाटते. अंधेरी, पार्ले किंवा पुढील विमान गाठायचे असल्यास मात्र विमानच निवडावे.