बीएफडी म्हणते प्रोसेसर 'अननोन'? या चुका टाळा

एआरएम प्रोसेसरच्या बोर्डासाठी बनवलेली फाइल एक्स८६ प्रोसेसरच्या लॅपटॉपवरच्या ऑब्जडम्पला (प्रोग्राम फाइलच्या आतलं दाखवणाऱ्या टूलला) दिली, तर तो सरळ नाही म्हणत नाही. फॉरमॅट 'एल्फ३२-लिटल' असा छापतो, सेक्शनची यादीही व्यवस्थित देतो. डिसअसेंब्ली (मशीन कोडचं वाचता येतील अशा सूचनांत रूपांतर) मागितली की मात्र हात वर करतो: आर्किटेक्चर अननोन. फाइलच बिघडली असं धरून मी एकदा अख्खी दुपार पुन्हा पुन्हा बिल्ड करत बसलो होतो. फाइल धडधाकट होती.

गोम अशी की ऑब्जडम्प ज्यात येतो त्या ग्नू बिनयुटिल्स या टूलसंचाच्या पोटातली, फाइल ओळखून वाचणारी बीएफडी लायब्ररी दोन गोष्टींचा हिशोब वेगवेगळा ठेवते. टार्गेट म्हणजे फाइलची ठेवण: एल्फ की कॉफ (हे प्रोग्राम फाइलचे दोन फॉरमॅट), ३२ की ६४ बिट, बाइटचा क्रम कोणता. आर्किटेक्चर म्हणजे आतला कोड कोणत्या प्रोसेसरचा. लॅपटॉपवरच्या बीएफडीत सर्वसाधारण एल्फचं टार्गेट असतं, म्हणून ठेवण ओळखीची वाटते. एआरएमची माहिती मात्र ती लायब्ररी बांधतानाच घातलेली नसते. खालच्या बहुतेक चुका हा फरक विसरल्यानेच होतात.

पहिली चूक, बीएफडीच्या दुखण्याचं निदान बीएफडीलाच विचारणं. त्याच संचातला रीडएल्फ बीएफडीवर अवलंबून नाही, एल्फचं हेडर (फाइलच्या सुरुवातीची माहिती) तो स्वतः वाचतो. त्याला वजा एच (-h) हा पर्याय देऊन 'मशीन' ही ओळ बघा. तोही हाताशी नसेल तर हेक्समध्ये फाइल उघडा आणि शून्यापासून मोजत १८ आणि १९ क्रमांकाचे बाइट वाचा. लिटल एन्डियन (कमी किमतीचा बाइट आधी ठेवणाऱ्या) फाइलमध्ये ३ई ०० म्हणजे एक्स८६-६४, २८ ०० म्हणजे ३२ बिट एआरएम, बी७ ०० म्हणजे एआर्च६४, एफ३ ०० म्हणजे रिस्क-व्ही. मग ऑब्जडम्पला वजा आय देऊन त्याच्या बीएफडीत काय काय भरलंय ते बघा. यादीत तुमचा प्रोसेसर नसेल तर फाइलला दोष देण्यात अर्थ नाही. डेबियन-उबुंटूवर बिनयुटिल्स-मल्टिआर्च पॅकेज टाका, त्या बोर्डाच्या टूलचेनमधला (कंपायलर वगैरे टूलच्या संचातला) ऑब्जडम्प वापरा, किंवा सोर्सपासून बांधताना कॉन्फिगरला 'एनेबल-टार्गेट्स' हा पर्याय 'ऑल' करून द्या.

याच जातीची दुसरी चूक मेकफाइलमध्ये (बिल्डच्या आदेशांच्या फाइलमध्ये) लपते. कंपायलर क्रॉस, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरसाठी कोड बनवणारा, पण इन्स्टॉल करताना चालतो तो यजमान मशीनचा स्ट्रिप (फाइलमधली जादा माहिती काढून टाकणारं टूल). मग 'इनपुट फाइलचा फॉरमॅट ओळखता येत नाही' अशा अर्थाची तक्रार येते आणि लोक कंपायलरचे फ्लॅग चाळत बसतात. स्ट्रिपच्या नावाआधी टूलचेनचा प्रिफिक्स लावा, विषय संपला.

कच्च्या बायनरीकडे जरा थांबून बघायला हवं. बोर्डाच्या फ्लॅश मेमरीतून ओढून काढलेल्या तुकड्याला हेडरच नसतं, त्यामुळे फॉरमॅट 'बायनरी' आहे हे वजा बी लावून आणि प्रोसेसर कोणता हे वजा एम लावून आपणच सांगायचं. शिवाय मोठ्या लिपीतला डी द्यायचा, कारण अशा फाइलचा एकमेव सेक्शन डेटा समजला जातो आणि लहान डी त्यात कोड शोधतच नाही. इथे नावाचा सापळा आहे. बीएफडीच्या लेखी एक्स८६-६४ हे स्वतंत्र आर्किटेक्चर नाही. ते 'आय३८६' घराण्यातलं एक मशीन आहे आणि त्याचं पूर्ण नाव 'आय३८६:एक्स८६-६४'. नुसतं आय३८६ दिलंत तर एररही येत नाही. ४८ ८९ ई५ हे तीन बाइट घ्या. ६४ बिटमध्ये ती एकच सूचना आहे: आरएसपी या रजिस्टरमधली किंमत आरबीपीमध्ये हलवा. ३२ बिट समजून वाचलं तर ४८ सुटा पडतो आणि 'ईएएक्स एकने कमी करा' अशी भलतीच सूचना उगवते. लिस्टिंगमध्ये दर दोन ओळींमागे अशी वजाबाकी दिसली तर कोड लिहिणाऱ्याला वेडा ठरवण्याआधी वजा एम तपासा.

लायब्ररी स्वतःच्या प्रोग्राममध्ये वापरणाऱ्यांनाही हेच भोवतं. 'बीएफडी_गेट_आर्च' एवढंच विचारलं तर ३२ आणि ६४ बिट दोन्हींना एकच उत्तर येतं. 'बीएफडी_गेट_मॅक'ही विचारावं लागतं. आणि दोन्ही प्रश्न 'बीएफडी_चेक_फॉरमॅट' यशस्वी झाल्यावरच. फाइल नुसती उघडल्याने बीएफडीने ती ओळखलेली नसते.

नवा प्रोसेसर जोडणाऱ्यांची हमखास चूक म्हणजे 'बीएफडी-इन२.एच' हाताने बदलणं. ती फाइल जनरेट होते. पुढच्या वेळी हेडर बनले की तुमचा बदल पुसला जातो. एनमची (स्थिरांकांच्या यादीतली) नोंद 'आर्चर्स.सी'मध्ये करा, 'सीपीयू-' ने सुरू होणारी नवी फाइल लिहा, आणि 'कॉन्फिग.बीएफडी', कॉन्फिगर, मेकफाइल यांत तिची दखल घ्या. यातली एखादी जागा राहिली, तर कोड कंपाइल झाला तरी यादीत प्रोसेसर दिसेलच असं नाही.

नव्या प्रोसेसरच्या मशीनचे (उपजातींचे) क्रमांकही मनाला येतील तसे देऊ नका. दोन ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेले तुकडे) जुळतात का हे ठरवणारं डिफॉल्ट फंक्शन घराणं आणि वर्डची लांबी बघतं, आणि जुळत असतील तर ज्याचा क्रमांक मोठा ते मशीन निवडतं. मोठा क्रमांक म्हणजे जास्त सूचना जाणणारा प्रोसेसर, हे त्यात गृहीत आहे. तुमच्या प्रोसेसरच्या दोन उपजाती एकमेकींची भावंडं असतील, म्हणजे कुणीच कुणाचं वरचं रूप नसेल, तर हे फंक्शन चालणार नाही, स्वतःचं लिहा. नाहीतर लिंकर (तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारं टूल) मुकाट्याने दोघींना एकत्र बांधेल आणि चूक बोर्डावरच कळेल.

एक बाइट म्हणजे ८ बिट हेही धरून चालू नका. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएमएस३२०सी५४एक्समध्ये बाइट १६ बिटांचा आहे, म्हणून बीएफडी ८ बिटांसाठी 'ऑक्टेट' हा शब्द वेगळा वापरते. पत्ते नेमके निम्म्याने चुकत असतील तर आधी इथे बघा.